मोठी पाटी, लहान पाटी

रघूला काय द्यायचं हे ठरवण्यात आमच्या बाने एक अख्खं वर्ष घालवलं. तेवढ्या काळात गावात दोन लग्नं ठरली, लागली आणि त्यातली एक नवरी भांडून माहेरीसुद्धा परत आली. आमचा बा मात्र पाच वर्षांच्या पोराला कोणती वस्तू द्यावी या विचारात ओटीवर विडी ओढत बसलेला. आई उखळात भात सडता सडता त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची, "माजी सोयरीक बगायला आला तवा येवडा इचार नाय केला या मानसानं. भाकर खाल्ली आन् हो म्हनला." त्यावर बा विडीचा धूर सोडून शांतपणे म्हणायचा, "भाकर चांगली व्हती." मग मुसळ जरा जोरात पडायचं. पण रागाने नाही, हे मला त्या वयातही कळत होतं.

एवढा विचार करण्यामागे बाचं एक शास्त्र होतं. पोराच्या हातात स्वतःची म्हणून जी पहिली वस्तू येते ती त्याच्या हाताला चिकटते आणि जन्मभर सुटत नाही, असं त्याचं पक्कं मत होतं. पुरावा तो स्वतःच. सहा वर्षांचा असताना त्याच्या बापाने त्याला गोफण दिली. झालं, शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं हाकण्यात त्याचं सगळं लहानपण गेलं आणि चाळिशीला आला तरी गाव त्याला गोफण्या म्हणूनच ओळखे. कोणाच्या काकड्यांवर माकडं आली की पहिली हाक गोफण्याला. दुसरा पुरावा म्हणजे शेजारचा धाऊकाका. त्याला कोणीतरी ढोलकी दिली होती, आणि तेव्हापासून तो स्वतःच्या घरी सापडला नाही. "बग," बा मला समजावून सांगायचा, कारण बाकी कोणी ऐकून घेत नसे, "ढोलकीच्या जागी नांगर दिला असता तर आज धाऊचं शेत कसं असतं!" धाऊकाका त्यावर सांगायचा की नांगर दिला असता तरी त्याने तो वाजवला असता.

माझ्या आणि रघूच्या मध्ये दोन भाऊ आले आणि गेले. त्यांच्याविषयी घरात कोणी बोलत नसे. पण रघू पाच वर्षांचा झाला, खोकला नाही, ताप नाही, दिवसभर कोंबड्यांमागे धावतोय, हे बघून बाचा जीव इतका हरखून जायचा की त्याला काहीतरी द्यावं आणि ते अगदी बरोबर असावं, अशी त्याला तहानच लागली होती. आता मागे वळून बघताना वाटतं, त्याचं ते शास्त्र म्हणजे या आनंदाला घातलेला एक सदरा होता. उघडा आनंद दाखवायला तो घाबरत असावा.

त्या थंडीत बा आम्हा दोघांना म्हशाच्या जत्रेला घेऊन गेला. जत्रा गुरांची, लोक बैलांचे दात बघत होते आणि आमचा बा वस्तू बघत होता. घुंगुरमाळ हातात घेतली, कानाशी वाजवली, ठेवून दिली. "बैल घेतला तर जलमभर बैलाच्या मागं." लाकडी बैल त्याच कारणासाठी नको. पावा बघितला. तो विकणाऱ्याने फुंकून दाखवला, रघूने हात पुढे केला, तर बाने तो हात हळूच खाली घेतला. "पावा नको. पाव्यानं पोरगं ऐतखाऊ व्हतं." कोयती चांगली होती, पण कोयती म्हणजे जंगल, जंगल म्हणजे लाकडाचा ठेकेदार, आणि ठेकेदार म्हणजे शिव्या. घोंगडी घेतली तर पोरगं झोपाळू होणार! अशा रीतीने सूर्य कलेपर्यंत बाने रघूची सात-आठ आयुष्यं उभी केली आणि मोडली. शेवटी आम्ही गोडी शेव खात घरी आलो. रघूने माझ्या खांद्यावर झोपून तिथेच लाळ गाळली.

त्या वाटेवर मी बाला विचारलं, "बा, माजी पैली वस्तू कोनती?"

बा चालता चालता थांबला. हा प्रश्न त्याच्या शास्त्रात बसत नव्हता. त्याने मुंडासं सारखं केलं, मग माझ्या खांद्यावर बघितलं आणि सुटल्यासारखा हसला. "तुला रघू दिला ना गो!"

खोटं नव्हतं. रघू चार वर्षं माझ्या कडेवर होता, आणि बाच्या नियमाप्रमाणे चिकटलेलाही होता. पण आता रघू स्वतःच्या पायांनी धावत होता आणि माझे हात मोकळे झाले होते. पुढे त्यात काय येतं याची मला तेव्हापासून काळजी लागली.

निर्णय झाला तो पावसाळा सरत आल्यावर. तलाठी गावात पाहणीला आला होता. बा तिथून परत आला तो झपाझप चालत. ओटीवर चढायच्या आत म्हणाला, "ठरलं. पाटी." आईने विचारलं, कसली पाटी? "लिवायची! तलाठी आंब्याखाली सावलीत बसला व्हता आन् आमी सगले उनात उबे. मी इचार केला, याच्या हातात असं काय हाय? टाक. आन् टाकाच्या आदी काय? पाटी. दसऱ्याला पोराच्या हातात पाटी द्यायची आन् साळंत नेऊन बसवायचा." शाळा टोकावड्याच्या रस्त्याला, आमच्या गावापासून दोन शेतं पलीकडे. त्या काळी नवीन मुलं दसऱ्यालाच बसवत. पाट्या मांडायच्या, त्यांवर एकड्यांची सरस्वती काढायची, फुलं वाहायची आणि मूल शाळेचं झालं.

आईला हे पटलं. पण आई कधीच नुसतं पटवून घेत नसे. ती म्हणाली, "आनताच हाय तर पारूलाबी एक मोठी पाटी आना. माज्या पाटीचं बूड गेलंय. पोर नऊची झाली, यंदा राबाला तिच्याच डोक्यावर द्यायची हाय."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्याकडे लिहायची ती पाटी, आणि शेण वाहायची बांबूची टोपली तीसुद्धा पाटीच. यात कोणाचा कधी घोटाळा झाला नव्हता, कारण एका घरात या दोन्ही पाट्या सहसा नसतच. आणि राब म्हणजे, भाताची कापणी-झोडणी झाली की पुढल्या वर्षीच्या रोपासाठी जमीन भाजायची असते. तिच्यावर शेण, पातेरा, काटक्या पसरायच्या. ते सगळं थंडीभर बायका डोक्यावरून वाहतात. ओलं शेण पाटीच्या विणीतून गळतं आणि कानामागून मानेवर येतं. आईच्या केसांना थंडीत जो वास यायचा तो मला अजून आठवतो, आणि खरं सांगायचं तर तेव्हा आवडायचाही. पण तो आईचा होता.

बाचं शास्त्र गावात सर्वांत मन लावून मीच ऐकलं होतं, त्यामुळे सर्वांत जास्त घाबरलेही मीच. पहिली वस्तू हाताला चिकटते. म्हणजे दसऱ्याला रघूच्या हाताला दगडाची पाटी चिकटणार आणि माझ्या डोक्याला शेणाची. रघू सावलीत बसणार, आणि मी? बाच्या मनात हे आलं नसेल का, असं मी त्याच्याकडे खूप वेळ बघून ताडायचा प्रयत्न केला. तो खुशीत विडी ओढत होता. त्याच्या मनात काही आलं नव्हतं.

पाट्या आणायच्या शहापूरहून, माझ्या मामाकडून. मामा शहापूरच्या पेठेत भाताच्या वखारीवर मापाडी होता आणि दसऱ्याला दरवर्षी आमच्याकडे यायचा. त्याला निरोप धाडायला कासार बरा. तो मुरबाडपासून शहापूरपर्यंत बांगड्या घेऊन फिरायचा आणि निरोपही भरायचा. त्या दिवशी कासार वाण्याच्या ओटीवर बसला होता. बाने मला पिटाळलं. "नीट सांग. लिवायची लहान पाटी रघूला, आन् शेनाची मोठी पाटी पारूला. सांगशील ना गो?"

मी वाटभर घोकत गेले. वाण्याच्या ओटीवर दसऱ्याच्या बांगड्या भरायला बायका जमल्या होत्या आणि मधोमध वाण्याची शांता, माझ्याच वयाची, हात पुढे करून बसली होती. कासार तिच्या हातात हिरव्या बांगड्या चढवत होता. काचेचा तो बारीक आवाज आणि आतून येणारा तळणीचा वास. मी अंगणात उभी. "काय गो पारू," कासार म्हणाला, "काय निरोप?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. शांतानेही.

मी तोंड उघडलं आणि "शेनाची" या शब्दापाशीच थांबले. त्या सगळ्यांपुढे, त्या हिरव्या बांगड्यांपुढे, शेणाची पाटी पारूला, हे माझ्याच्याने बोलवेना. आणि ते गाळलं तर "लिवायची" एकटंच कसं ठेवायचं? मग तेही गाळलं. मी म्हणाले, "मामाला सांगा, दसऱ्याला येताना दोन पाट्या आना. मोठी पारूला, लहान रघूला." कासाराने मान हलवली. मी धावत सुटले ती थेट घरी.

लबाडी करायची म्हणून मी केलं नाही, हे आज या वयात शपथेवर सांगते. पण घरी पोचेपर्यंत आपण काय करून बसलो ते मला समजलं होतं, आणि समजूनही मी परत गेले नाही, हेही सांगायलाच हवं.

दसऱ्याच्या दिवशी आईने भोपळ्याचे घारगे केले होते, वालाची उसळ होती, दाराला झेंडूबरोबर भाताच्या नव्या लोंब्या बांधल्या होत्या. ओटीवर बाने पूजेची अवजारं मांडली: नांगराचा फाळ, कोयती, विळे, आईचं मुसळ आणि अर्थातच गोफण. आमच्या घरचा नियम असा की ज्याने त्याने आपल्या अवजाराला आपल्या हाताने कुंकू लावायचं. एकदा कुंकू लागलं की पुढल्या दसऱ्यापर्यंत ते दुसऱ्याला द्यायचं नाही. नियम बाचाच. मामा घामाघूम होऊन आला तेव्हा आम्ही त्याचीच वाट बघत होतो. त्याने पडशी सोडली. आधी निघाली एक चिमुकली टोपली, नव्या बांबूची, हिरवट, काठाला लाल पट्टी विणलेली, कोंबडीचं पिल्लू बसेल एवढी. मग केळीच्या पानात गुंडाळलेली, लाकडी चौकटीची, काळीभोर, मोठीच्या मोठी दगडाची पाटी.

"ही रघूची," मामाने टोपली रघूच्या हातात दिली. "आन् ही पारूबायची." आणि मला काही समजायच्या आत माझं बोट कुंकवात बुडवून त्याने चौकटीवर टेकवलंसुद्धा. रघूने ते बघितलं आणि आपल्या टोपलीला सगळा पंजाच लावला. मग टोपली डोक्यावर उपडी घातली आणि अंगणभर नाचला.

बा उभाच होता. "अरे मापाड्या, ह्ये काय आनलं?"

मामा गोंधळला. "दोन पाट्या, दाजी. मोठी पारूला, लहान रघूला. तसाच निरोप व्हता."

"तसा नव्हता!"

"मी मापाडी हाय दाजी. मोठी सांगितली, मोठी आनली. लहान सांगितली, लहान आनली. माप चुकलं आसंल तर बोला. पोरगी मोठी, तिला साळंची पाटी. पोरगं येवडंसं, त्याला खेलायला टोपली. शहापुरात वान्यांच्या पोरी जातात साळंत. यात इपरीत काय?"

बाने माझ्याकडे बघितलं. मी घारग्यांकडे बघितलं.

मग सुरू झाली रघूची मनधरणी. बा त्याच्यापुढे उकिडवा बसला. एवढा आर्जवी बा मी आधी कधी पाहिला नव्हता. "पोरा, ती दगडाची बग कशी काली काली हाय! तुजं नाव लिवता येल तिच्यावर." रघू टोपलीखालून म्हणाला, "मना नको." "अरे, सायब व्हशील." "मना नको." टोपली काढायला गेलं की तो असा किंचाळे की गोठ्यातले बैल कान हलवत. शिवाय कुंकू लागलेलं. बाचा नियम बालाच आडवा आला. शेवटी आई पदर तोंडाला लावून आत गेली, आणि आतून बराच वेळ भांडी उगीच वाजत राहिली.

तसेच निघालो शाळेत. पुढे बा, मुंडासं बांधून. मागे रघू, डोक्यावर टोपली. त्यामागे मी, दोन्ही हातांनी पाटी छातीशी धरून. रघूसाठी घेतलीय असं दाखवत होते. शाळेत जमिनीवर पाट्यांची रांग मांडली होती. गुरुजींनी विचारलं, "याची पाटी कुठे आहे?" रघूने टोपली काढली, रांगेत नीट ठेवली, आणि हात जोडले. मुलं खोखो हसली. गुरुजी हसले नाहीत. मिशीखालची कडा मात्र हलली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि ही कोणाची?"

मी बाकडे बघितलं. बा दाराच्या चौकटीत उभा राहून सिद्धगडाकडे बघत होता, जणू त्याची म्हैस तिकडे गेली होती.

"माजी," मी म्हणाले.

"मग ठेव तिथे आणि बस," गुरुजी म्हणाले, आणि माझ्या पाटीवर त्यांनी सरस्वती काढली. मी बसले तसा रघूही माझ्या मांडीला मांडी लावून बसला. त्याला दुसरीकडे बसवून बघितलं तर त्याने भोकाड पसरलं. "बायबिगर नाय बसनार." तो मला बाय म्हणायचा. गुरुजींनी एक उसासा टाकला आणि वहीत दोन नावं लिहिली. चिकटलेली वस्तू अशी कामाला आली.

संध्याकाळी सोनं वाटताना मी आपट्याचं पान घेऊन बाच्या पाया पडले आणि मला रडू फुटलं. सकाळपासून तो मामाशी धड बोलला नव्हता, आणि मामा बिचारा आपलं माप पुन्हा पुन्हा तपासत होता. "बा, चूक मामाची नाय. कासारबाबाची बी नाय. मीच शेनाची म्हनले नाय. सगल्यांम्होरं लाज वाटली मना." मला वाटलं, आता कानाखाली बसणार. मी डोळे मिटूनच पुढचं बोलले. "तूच बोलतो ना, पैली वस्तू हाताला चिकटते? मना शेनाची चिकटली असती."

मी डोळे उघडले तर बा हातातलं पान उलटसुलट करत होता. मग अगदी हळू, माझ्याशी नाही, त्या पानाशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तुला बोलायची लाज वाटली. मना सांगताना नाय वाटली." आणि उठून गोठ्यात गेला. मला वाटतं, माझ्या बापावर मी आयुष्यात सर्वांत जास्त प्रेम केलं ते त्या क्षणी, त्याच्या पाठीकडे बघताना.

शास्त्राचं पुढे काय झालं म्हणाल तर ते खरं ठरलं. रघू चौथीपर्यंत कसाबसा माझ्यामागे आला, पण त्याचा जीव टोपलीत. आधी पिल्लं, मग करवंदं, मग जांभळं, मग आंबे. पुढे त्याच्या पाट्या कल्याणच्या बाजारात जाऊ लागल्या आणि आता त्याचे नातू टेम्पो भरतात. साहेब तो झाला नाही. पण सावलीत बसायला मात्र शिकला, आणि तलाठ्यापेक्षा ऐटीत. ती लाल काठाची टोपली त्याच्या देवघरात आहे. सूनबाई त्यात वाती ठेवते. माझी पाटी दुसऱ्याच वर्षी बैलाच्या खुराखाली फुटली. चौकट राहिली. तिच्यावर बाने कोयतीच्या टोकाने आमच्या घरच्या अवजारांवर असते ती खूण कोरली होती, कारण त्याला माझं नाव लिहिता येत नव्हतं. बत्तीस वर्षं शाळेत शिकवताना मी मुलांच्या हातात पाट्या दिल्या, पण ती चौकट कोणाला दिली नाही.

आईची पाटी मात्र बाकीच होती, आणि आई विसरणाऱ्यातली नव्हती. दिवाळीनंतर बाने स्वतः टोकावड्याला जाऊन एक भक्कम मोठी पाटी आणली आणि खुंटीला टांगली. मी रोज शाळेत जाताना तिच्याकडे बघायचे. कापणी झाली, झोडणी झाली, आणि पहाटे धुकं दाटायला लागल्यावर एक दिवस राबाचं काम निघालं. मी उठून मुकाट्याने पाटी काढली आणि डोक्यावर चुंबळ ठेवली. बा मागून आला. चुंबळ माझ्या डोक्यावरून उचलून त्याने आपल्या मुंडाशावर ठेवली आणि आईला म्हणाला, "भर."

आईने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि भरली. शेणाची पाटी डोक्यावर घेऊन बाप्या माणूस गावातून चालला, हे आमच्या गावाने तोवर पाहिलेलं नव्हतं. मी दप्तर घेऊन त्याच्यामागे काही पावलांवर होते. शेण गळून त्याच्या कानामागून मानेवर येत होतं. धाऊकाका ओटीवरूनच ओरडला, "काय रे गोफण्या, पोरगी कुटं गेली? पाटी तुज्या डोक्यावं?"

बाने मान वळवली नाही. डोक्यावर ओझं असताना वळवता येत नाही. चालता चालताच म्हणाला, "तिची पाटी येगली हाय."